आधी भाड्याची खोली द्या

टिटवाळ्याजवळच्या बनेली, बल्याणी, उंभर्णी या पट्ट्यात बेकायदा चाळी पाडल्याची बातमी वर्षातून अनेकदा येते. जेसीबी लागतो, जोती उखडतात, पत्रे खाली येतात, फोटो छापून येतो. पुढे सलग दोन-तीन सुट्ट्या आल्या की शेजारच्या सर्व्हे नंबरवर नवी जोती पडतात. चाळ पडते, खोलीची गरज तशीच उभी राहते.

टिटवाळा सीएसएमटीपासून साधारण ६५ किलोमीटरवर. भाविकांना ते महागणपतीमुळे ठाऊक आणि पहाटेच्या लोकलसाठी धावणाऱ्यांना खोलीच्या भाड्यामुळे. कल्याणात परवडेना म्हणून शहाड, तिथं जमेना म्हणून आंबिवली, मग टिटवाळा. यात खानदेशातला हेल्पर आहे, मराठवाड्यातला बिगारी आहे, लालबाग-परळमधून बाहेर पडलेलं गिरणी कामगाराचं कुटुंब आहे, उत्तर प्रदेशातला रंगारीही आहे.

‘परप्रांतीयांनी शहर भरलं’ ही ओरड करणाऱ्यांनी २०११ची जनगणना उघडावी. देशात स्थलांतरित ४५ कोटींहून अधिक, आणि त्यांतले दहापैकी जवळपास नऊ आपल्याच राज्यात हललेले. लग्न होऊन सासरी गेलेल्या बायका त्यात मोठ्या संख्येनं आहेत, हे खरं. पण मुंबई रत्नागिरी-साताऱ्याच्या घामावर उभी राहिली, हेही तितकंच खरं. त्या कामगारांसाठी ब्रिटिश सरकारच्या विकास खात्यानं शंभर वर्षांपूर्वी वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडीला बीडीडी चाळी बांधल्या. खोली १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. हाल होतेच. तरी ती खोली भाड्याची होती, सरकारी होती आणि कोणी रातोरात पाडणार नव्हतं.

पुढे सरकारांनी भाड्याच्या घरांतून अंग काढून घेतलं. २००८च्या सुमारास एमएमआरडीएनं भाडेतत्त्वावरील घरांची योजना आणली. खोली पुन्हा १६० चौरस फुटांचीच. इमारती उभ्या राहिल्या आणि हेतू बदलला. पनवेलजवळच्या कोनमध्ये दोन-दोन खोल्या जोडून गिरणी कामगारांना घरं दिली गेली. भिवंडीजवळ रांजनोलीच्या इमारती करोनात विलगीकरण केंद्र झाल्या. गिरणी कामगारांचा हक्क निर्विवाद आहे, त्यांची देणी अजून फिटलेली नाहीत. पण त्यासाठी भाडेकरूच्या वाट्याचं घर मोडायची गरज नव्हती. २०२०मध्ये मजूर पायी गावाकडे निघाले, तेव्हा केंद्रानं त्यांच्यासाठी भाड्याच्या संकुलांची घोषणा केली. टिटवाळ्यात खोली शोधणारा आजही चाळमालकाच्याच दारात उभा आहे.

ती खोली आत जाऊन बघा. दहा बाय बारा, डोक्यावर सिमेंटचा पत्रा, कोपऱ्यात मोरी, तिच्या कडेला पाण्याचं निळं पिंप. एप्रिलमध्ये दुपारी आत बसवत नाही. जुलैत काळू नदी फुगून रुंद्याचा पूल पाण्याखाली गेला की सखल भागातल्या बायका धान्याचे डबे माळ्यावर चढवतात. भाड्याची पावती नाही. करार असलाच तर नोटरीच्या कागदावर. मग गॅस, रेशनकार्ड, मुलांचा शाळाप्रवेश, प्रत्येक खिडकीवर पत्त्याच्या पुराव्यासाठी अडवणूक. जेसीबी येतो तेव्हा चाळमालक जागेवर नसतो. भांडी रस्त्यावर येतात ती भाडेकरूची, आणि डिपॉझिट बुडतं तेही त्याचंच.

आता स्थानिकांचं बघू. या परिसरातला कातकरी इथला मूळ रहिवासी. दिवाळीनंतर बयाणा घेऊन कुटुंबच्या कुटुंब वीटभट्टीवर जातं, पावसाच्या तोंडाशी परततं. शहराच्या भिंतींना लागणारी वीट तो थापतो, आणि त्याची स्वतःची झोपडी कुडाची. कित्येक वाड्यांत पायाखालची जमीनही त्याच्या नावावर नाही. गावातल्या आगरी कुटुंबांची तऱ्हा वेगळी. भावंडं वाढली, गावठाणाची हद्द वाढली नाही. मुलासाठी वडिलोपार्जित जागेत दोन खोल्या वाढवल्या की त्या बेकायदा. हप्ते भरणारा मध्यमवर्गही सुटलेला नाही. डोंबिवली परिसरातल्या ६५ इमारती खोट्या कागदपत्रांवर महारेराची नोंदणी मिळवून उभ्या राहिल्या आणि नोव्हेंबर २०२४मध्ये उच्च न्यायालयानं त्या पाडायचा आदेश दिला. बँकांचं कर्ज काढून घेतलेली घरं होती ती.

भाडेकरू, कातकरी, गावकरी, फ्लॅटवाला: चौघंही कच्च्या कागदावर राहतात. तरी राग निघतो तो एकमेकांवर. पाणी कमी आलं की गाववाला चाळवाल्याला बोलतो आणि चाळवाला टॉवरवाल्याला. जोतं पडताना डोळे मिटणारा अधिकारी आणि त्याला फोन करणारा पुढारी या भांडणात कुठेच सापडत नाही.

बेकायदा बांधकाम पाडायला माझा विरोध नाही. एप्रिल २०१३मध्ये शिळफाट्याजवळ बेकायदा इमारत कोसळली आणि ७४ माणसं गेली. पण पाडायचं तर जोत्यावरच पाडा, माणसं राहायला येण्याआधी. ज्याच्या प्रभागात चाळ पुरी झाली, त्या अधिकाऱ्यावर कारवाई करा. माणसं राहत असतील तर भाडेकरूच्या नावानं नोटीस द्या, पर्यायी खोली द्या. गावठाणांची मोजणी करून हद्दी वाढवा, कातकरी वाड्यांची जमीन त्यांच्या नावावर करा. आणि महापालिका, एमएमआरडीए, म्हाडा यांनी प्रत्येक रेल्वे स्थानकाच्या आसपास भाड्याच्या सरकारी खोल्या बांधाव्यात, ज्या कधीही विकल्या जाणार नाहीत.

मत मागायला येणाऱ्याला एवढंच विचारा: माझ्या प्रभागात भाड्याच्या किती खोल्या बांधणार, आणि कधी? आकडा आणि तारीख मिळेपर्यंत त्याला दारातून सोडू नका.