साडेसोळा मिलिमीटरची मीमांसा

रुळांवरून गाडी धावते, हे सर्वमान्य आहे. मात्र छोट्या गाडीखालचे रूळ कसे असावेत यावर जाणकारांचे एकमत झालेले नाही आणि तसे होण्याची भीतीही नाही. प्रस्तुत लेखाचा विषय आम्ही जाणूनबुजून लहान ठेवला आहे: दहा बाय बाराच्या खोलीत, आपल्या ब्रॉडगेजचा एच-ओ प्रमाणातला, म्हणजे मूळच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाचा लोहमार्ग घालताना खरेपणा कुठवर पाळावा आणि कुठे गुपचूप सोडून द्यावा. इंजिने, डबे, सिग्नल यांच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. ते बहुधा रुळांकडे न पाहताच लिहितात.

आरंभीच एक अडचणीची गोष्ट सांगून टाकतो. बाजारात मिळणाऱ्या एच-ओ रुळांची रुंदी १६.५ मिमी असते. तिला ८७ ने गुणले की १४३५ मिमी येतात. हे युरोप-अमेरिकेचे स्टँडर्ड गेज. आपले ब्रॉडगेज १६७६ मिमीचे. डलहौसीसाहेबांना तर सहा फूट हवे होते, शेवटी साडेपाचावर मिटले. या १६७६ ला ८७ ने भागले तर १९.३ मिमी भरतात. तफावत जेमतेम पावणेतीन मिलिमीटरची, पण प्रत्यक्षातली २४१ मिलिमीटरची, म्हणजे चांगली वीतभर. पहिला तुकडा टेबलावर ठेवायच्या आधीच आपण मध्य रेल्वेची वीतभर जमीन खाल्लेली असते.

यावर पूर्वपक्ष असा की, इंग्रजांनीही हेच केले. खरे आहे. त्यांची इंजिने अंगाने लहान. त्या काळच्या मोटरी ८७ व्या हिश्शाच्या इंजिनात मावेनात. म्हणून त्यांनी गाडी ७६ व्या हिश्शाची केली आणि रूळ मात्र तेच साडेसोळाचे ठेवले. हिशेब केला तर त्यांचे चार फूट साडेआठ इंचांचे गेज चार फूट दीड इंचावर आले. सात इंच गिळून त्या राष्ट्राने ढेकरही दिला नाही. पुढे १९६० च्या दशकात काहींना पश्चात्ताप झाला आणि १८.८३ मिमी रुंदीचा पंथ निघाला. दशांशचिन्हापुढे दोन आकडे घेऊन संसार करणाऱ्या या मंडळींविषयी आम्हांला आदर आहे. तसा मनुष्य आपल्याकडे १९.३ चा रूळ हाताने घालतो, मग प्रत्येक इंजिनाची चाके काढून आस बदलत बसतो, आणि त्याच्या घरी गाडी धावताना पाहण्याचा योग पाहुण्यांना क्वचितच येतो. आमचा निर्णय साडेसोळाच्या बाजूने आहे. कारण तात्त्विक नाही. तयार रूळ मिळतात.

रुळाच्या उंचीवरून तर भावाभावांत अबोला धरला जातो. ही उंची ‘कोड’मध्ये मोजतात. कोड १०० म्हणजे इंचाचा शंभर सहस्रांश, २.५४ मिमी. ८७ ने गुणल्यावर हा रूळ २२१ मिमी उंच निघतो. आपल्या मुख्य मार्गावरचा साठ किलोचा रूळ १७२ मिमीचा असतो. म्हणजे कोड १०० बाद. उरले कोड ७५ आणि कोड ८३; पहिला सहा मिलिमीटरने ठेंगणा, दुसरा अकराने उंच. सहा मिलिमीटरला ८७ ने भागा: ०.०७, माणसाच्या केसाच्या जाडीएवढे. केसाएवढ्या फरकासाठी दोन्ही पक्ष व्हर्नियर कॅलिपर घेऊन समोरासमोर उभे राहतात. बावन्न किलोच्या जुन्या रुळाचे कैवारी मात्र सुखी आहेत. १५६ मिमीला कोड ७० जवळजवळ तंतोतंत बसतो, त्यामुळे त्यांना बोलायला काही उरत नाही. जुन्या इंजिनांच्या चाकांच्या खोल कडा बारीक रुळावर स्लीपरच्या चाव्यांना खडखड घासतात, हा व्यावहारिक मुद्दा या वादात कोणी काढत नाही.

वळणांपाशी खरेपणा हात टेकतो. ब्रॉडगेजवर १७५ मीटरहून कमी त्रिज्येचे वळण घालू देत नाहीत. आमच्या प्रमाणात ही त्रिज्या दोन मीटर. पुरे वर्तुळ करायचे तर चार मीटर लागतात आणि दहा बाय बाराची खोली लांबीला ३.६६ मीटरच असते. मार्ग भिंतीतून शेजाऱ्यांकडे जाईल. डब्यातून येणाऱ्या सेटमधले नेहमीचे वळण ४३८ मिमी त्रिज्येचे, प्रत्यक्षात ३८ मीटर. एवढ्यात खरा एक्स्प्रेसचा रेक वळवू गेलात तर दुर्घटना चौकशी समितीच नेमावी लागेल. पॉइंटांच्या, म्हणजे गाडीचा मार्ग बदलणाऱ्या सांध्यांच्या, बाबतीत एक गमतीचा योगायोग आहे. आपल्या मुख्य मार्गावर एकास बारा हे क्रॉसिंग नेहमीचे, आणि पेको कंपनीच्या स्ट्रीमलाइन मालिकेतल्या कोड १०० च्या पॉइंटांचा कोन बारा अंशांचा. दोन्हीकडे बारा बघून भाबडा खरेदीदार खूष होतो. एकास बारा म्हणजे पावणेपाच अंश. बारा अंश म्हणजे एकास ४.७.

आता स्लीपर. मुख्य मार्गावर किलोमीटरला १६६० काँक्रीटचे स्लीपर घालतात. प्रत्येकी २.७५ मीटर लांब, साधारण साठ सेंटिमीटर अंतराने. टेबलावर हेच अंतर सात मिमीला जरासे कमी भरते, लांबी साडेएकतीस. प्रत्येक स्लीपरवर रूळ धरून ठेवणाऱ्या चार पोलादी क्लिपा. ज्या सळईच्या त्या वळवतात ती सुमारे २० मिमी जाडीची असते. आमच्या हिशेबाने ०.२३ मिमीची तार. एक मीटर छोट्या मार्गात १४४ स्लीपर, म्हणजे ५७६ क्लिपा. चिमट्याने तार वळवून, गोंदाचा ठिपका देऊन, भिंगाखाली एकेक बसवायची. खऱ्या मार्गावरचा चावीवाला निदान पगार घेतो.

खडी हा मात्र मोठा विषय आहे आणि त्याला पुरेसा वेळ दिला पाहिजे. रेल्वेची खडी जास्तीत जास्त ६५ मिमीची. ८७ ने भागता पाऊण मिलिमीटर. स्वयंपाकघराच्या मापाने जाडा रवा. परदेशी पुडीतली खडी करडी नाहीतर पिवळट असते आणि आपल्या घाटातली काळी. तेव्हा शुद्धतावादी साधक बांधकामावरून काळ्या दगडाची कच आणतो, धुतो, वाळवतो, आणि दोन चाळण्यांतून चाळतो. चाळण्या कुठून येतात याची चर्चा येथे अप्रस्तुत आहे. त्यानंतर त्याने कचेवरून लोहचुंबक फिरवला नाही, तर पुढचा अनर्थ ठरलेला. दख्खनच्या बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असते. इंजिनाच्या पोटातल्या मोटरीतही चुंबक असतो. तो जाता जाता खडी वेचतो आणि गिअरच्या दातांत नेऊन घालतो. म्हणून चुंबकाला उडून चिकटणारे कण आधीच काढायचे. अस्सल दख्खनी खडी तिच्यातला दख्खनीपणा काढल्याशिवाय वापरता येत नाही, हा निष्कर्ष आम्ही जड अंतःकरणाने नोंदवतो.

खडी पसरण्याचा विधी असा. चमच्याने दोन रुळांमध्ये रेघ ओढायची, बोटाने रुळावर टिचक्या मारायच्या, की कण आपोआप स्लीपरमध्ये उतरतात. स्लीपरवर बसून राहिलेले मऊ ब्रशने हाकलायचे. मग फवाऱ्याने पाण्याचे धुके, आणि त्यावर ड्रॉपरने पाणी घातलेला फेव्हिकॉल. इथे नवखा हमखास फसतो: थेंब खडीत न शिरता तिच्यावर गोळी होऊन बसतो, घरंगळतो, आणि आपल्याबरोबर मेहनतीने केलेला उतार घेऊन जातो. भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब मिसळला की पाण्याचा ताण मोडतो आणि गोंद मुकाट्याने आत जातो. पॉइंटच्या हलत्या पात्यांपाशी मात्र गोंदाला फिरकू देऊ नये. सकाळी पाती कायमची चिकटलेली आढळतात आणि त्या स्थानकात दोनपैकी एकच फलाट उरतो.

रंगाबाबत थोडक्यात: रुळाचा माथा चकचकीत, बाजू गंजाच्या, स्थानकाजवळची खडी ब्रेकच्या धुळीने तांबूस. जैविक शौचालये येण्यापूर्वीचा काळ दाखवायचा असेल तर फलाटालगतच्या मार्गावर आणखीही काही दाखवावे लागते. वास्तववादाने इथे थांबावे, असे आमचे मत आहे.

उरतो निकष. प्रेक्षक टेबलापासून साठ सेंटिमीटरवर उभा असतो. खऱ्या जगात ते बावन्न मीटर झाले. तेव्हा एखाद्या स्थानकाच्या पुलावर जाऊन तेवढ्याच अंतरावरचा मार्ग पाहावा. दोन उजळ रेघा, स्लीपरांची लय, खडीचा रंग आणि वळणाचा डौल एवढे दिसते. क्लिपा दिसत नाहीत, कोड तर नाहीच. रुळांच्या रुंदीतली ती वीत मार्गाच्या टोकाशी उभे राहिल्यावर डोळ्यात भरते, बाजूने पाहताना नाही. म्हणून मार्ग प्रेक्षकासमोरून आडवाच न्यावा. कोथरूडच्या जोशी यांच्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयात मुले रुळांच्या नव्हे, गाडीच्या मागे डोळे पळवतात, ते या सिद्धांताला अनुकूलच आहे.

हा सिद्धांत मोबाइलने मोडला. पाहुणा येतो, फोन थेट रुळाशेजारी टेकवतो, आणि त्याची नजर बावन्न मीटरवरून पाच-सात मीटरवर येते. फोटोत प्रत्येक स्लीपर क्लिपांवाचून उघडा पडतो. यावर आमची तरतूद अशी: खिडकीजवळच्या एक मीटर मार्गावर ५७६ क्लिपा बसवाव्यात, तिथे ‘फोटोसाठी जागा’ अशी पाटी लावावी, आणि उरलेल्या मार्गापुढे जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या आडव्या ठेवाव्यात.