रेडा कुठून आणू?

माझा डावा पाय उजव्यापेक्षा अडीच इंचानं तोकडा आहे. हे सांगायला मला आजवर तोंड उघडावं लागलं नाही. बसस्टॉपवरून दुकानाकडे निघालो की चहावाला मागे न पाहता माझा कट ओततो. कुबडीची ठकठक त्याला पुरते. म्हणजे अडचण पायाची नव्हतीच. हा पाय ज्याचा आहे तो माणूस मीच, एवढंच काय ते सिद्ध व्हायचं होतं. त्यात सव्वादोन वर्षं गेली.

वर्षाचा होतो तेव्हा ताप आला, सुई दिली, पाय गेला. आई शेवटपर्यंत सुईलाच शिव्या देत राहिली, पोलिओला तिनं कधी बोल लावला नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं भारताला पोलिओ नसल्याचं प्रमाणपत्र २७ मार्च २०१४ रोजी दिलं. मला पोलिओ असल्याचं, ऑनलाइन आणि सगळीकडे चालेल असं, मिळायला त्यानंतरही बरीच वर्षं लागली. एवढ्या मोठ्या देशाचं काम आधी झालं, याचं मला कौतुकच आहे.

मी मराठी घेऊन बी.ए. झालो आणि मौद्यात, भंडारा रोडच्या कडेला, पंक्चरचं दुकान टाकलं. या दोन गोष्टींचा संबंध काय, असं लोक विचारतात. संबंध असा, की गिऱ्हाईक नसलं की वाचायला वेळ मिळतो. एनटीपीसीच्या चिमण्या धूर सोडत असतात, धानाच्या हंगामात ट्रॅक्टरं चिखल सांडत जातात, आणि त्या चिखलातला एखादा खिळा माझी भाजीभाकरी काढतो. पण वर्षाचा हिशेब मांडला तर संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांसाठी जी पन्नास हजारांची उत्पन्नमर्यादा आहे, तिच्या आत मी आरामात मांडी घालून बसतो. मांडी घालता येत नाही, पण बसतो.

तर अर्ज करायचं ठरलं. माझ्याकडे शाळेच्या काळातला एक पिवळा पडलेला दाखला होता. त्यावर ‘अपंग’ लिहिलेलं. खिडकीतल्या बाईंनी तो चिमटीत धरला. ‘‘काकाजी, हे चालत नाही आता. दिव्यांगाचं पाहिजे. यूडीआयडी.’’ पंतप्रधानांनी २०१५च्या डिसेंबरात रेडिओवर नवा शब्द सुचवला, तेव्हा मी दुकानात ट्यूब घासत होतो. ऐकून बरं वाटलं होतं. आपलं अंग दिव्य झालं म्हणून सगळे कागद नव्यानं काढावे लागतील, हे तेव्हा ध्यानात आलं नाही.

नागपूरच्या दवाखान्यातलं तपासणीचं काम मात्र झटपट झालं. डॉक्टरांनी टेप लावून दोन्ही पाय मोजले, गुडघ्याखाली बोट दाबून ‘‘ढकला, ढकला’’ म्हणाले. मी ढकलत होतो. पाय जागचा हलला नाही. २०१६च्या कायद्यात अपंगत्वाचे एकवीस प्रकार आहेत, पण बहुतेक सवलतींची रेघ एकच, चाळीस टक्के. शाळेत पस्तीसवर पास, इथं चाळीसवर. बारावीला मला ४१ पडले होते तेव्हा बाप तीन दिवस बोलला नव्हता. इथं ५५ पडले. बाहेर बाकावर बसलेल्या एका म्हाताऱ्याला ३८ मिळाले होते. तो डोक्याला हात लावून बसला होता आणि त्याचा मुलगा त्याला समजावत होता, ‘‘पुढच्या टायमाले पाहू, बाबा.’’

मग नाव आलं.

माझं नाव ज्ञानेश्वर. आम्ही मराठी माणसं इंग्रजीत ‘ज्ञ’ लिहिताना डी, एन, वाय लिहितो. का, ते माउलीच जाणे. पण १९५६पर्यंत नागपूर हिंदी मुलखाबरोबर एका राज्यात होतं आणि राजधानीही होतं. राज्य गेलं, हिंदी राहिली. आधारच्या मशीनवर बसलेल्या पोरानं विचारलं, ‘‘नाम?’’ मी म्हटलं, ‘‘ज्ञानेश्वर.’’ त्यानं कानाला लागलं तसं जी, वाय, ए, एन टाकलं. झालो ग्यानेश्वर. बँकेत मी डी-एन-वायवाला. मतदार कार्डावर कुठल्या यंत्रानं इंग्रजीवरून परत मराठी केलं देव जाणे, तिथं मी ‘डन्यानेश्वर’ आहे. शाळेचा दाखला एकटा शुद्ध, पण त्यावर उंदरांनी जन्मतारीख खाल्लेली.

‘‘यातले तुम्ही कोण?’’ खिडकीतून प्रश्न आला.

‘‘तिघंही.’’

‘‘असं नाही चालत, काकाजी. एक सांगा.’’

मी आपला कुबडी बाजूला ठेवून पाय पुढे केला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात. मी पाय दाखवून करून घेतलं. ‘‘पाय नका दाखवू,’’ बाई म्हणाल्या, ‘‘पाय पोर्टलवर चढत नाही.’’

मला तेव्हा माझ्या नावाच्या मूळ धन्याची आठवण झाली. आळंदीच्या त्या चार भावंडांनाही दाखलाच पाहिजे होता. शुद्धिपत्र. त्यासाठी ती पोरं पायी पैठणला गेली. पैठणच्या विद्वानांनी कागद काय मागितले असतील ते असोत, पण कथा सांगते की तिथं एक रेडा उभा होता, ज्ञानेश्वरांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि रेडा वेद बोलू लागला. काम झालं. मी बी.ए.ला ही कथा भक्तिभावानं वाचली होती. आता अर्जदाराच्या नजरेनं वाचतो. त्यांच्या बाजूनं बोलायला निदान रेडा तरी आला! आमच्याकडे एक मशीन होतं आणि ते बोलेना.

ते मशीन म्हणजे काडेपेटीएवढा डबा. वर काच, काचेखाली तांबडा उजेड. आधारातलं नाव दुरुस्त करायचं तर आधी बोट उमटलं पाहिजे. माझी बोटं उमटत नाहीत. पंक्चरचं ठिगळ चिकटवायचं तर ट्यूब आधी कानशीनं नाहीतर घासपेपरनं खरखरीत करावी लागते, आणि ती घासताना पेपराखाली ट्यूब असते तशी पेपराच्या कडेला माझी बोटं असतात. वीस वर्षं घासली. त्यात सोल्युशन, त्यात पेट्रोल. आता टोकं अशी गुळगुळीत झाली आहेत, की नोटा मोजताना थुंकी लावली तरी दोन नोटा एकदम सरकतात. जाणकारांनी उपाय सांगितले. बोट कपाळावर घास, तेल लागतं. घासलं. केसांत फिरव. फिरवलं, पण तिथंही आता फारसं काही उरलेलं नाही. साबणानं धुऊन पाहिलं, खोबरेल लावून पाहिलं. मशीन दर वेळी तांबडा दिवा दाखवून म्हणे, पुन्हा प्रयत्न करा.

शेवटी मशीनवरच्या पोरीला माझी दया आली. ‘‘काकाजी, आठ-दहा दिवस पंक्चर काढू नका. चामडी येते परत.’’

म्हणजे मी कमवू शकत नाही हे सरकारला पटवायला आधी कमावणं बंद करायचं. आठ दिवस दुकानात बसून मी येणाऱ्या सायकली परत पाठवल्या. लोक विचारत, ‘‘काहून भाऊ, तब्येत बरी नाही का?’’ मी म्हणे, ‘‘बोटं वाढवू राहिलो.’’ नवव्या दिवशी उजव्या हाताची करंगळी उमटली. हात मोडून शिकलो ते बी.ए. आणि कामाला आली करंगळी!

नाव मात्र जपून बदलायचं होतं. आधारात नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. आता चूक झाली तर पुढे एकच संधी, आणि तीही वाया गेली तर मी जन्मभर ग्यानेश्वर. म्हणून आधी प्रतिज्ञापत्र करून घेतलं. कचेरीसमोर चिंचेखाली टायपिस्ट बसतो, त्याच्याकडे मजकूर तयारच असतो: वरील सर्व नावांची व्यक्ती एकच असून ती व्यक्ती मीच आहे. मी तो दोनदा वाचला. अंगावर काटा आला. जे सांगायला माउलींना नऊ हजार ओव्या लागल्या, ते या माणसानं दीड ओळीत टाइप केलं होतं आणि वर वहीतल्या पुढच्या माणसाला हाक मारली होती.

पुढची यादी सांगत नाही. उत्पन्नाचा दाखला, पंधरा वर्षं महाराष्ट्रात राहत असल्याचा दाखला, ज्याला त्याला आपापला दाखला. एसटीत पंचाहत्तर टक्के सवलत आहे, तीही कार्डाशिवाय नाही. कंडक्टर आधी माझ्याकडे पाहून सरकून जागा देतो, मग कार्ड मागतो. २०२४ मध्ये एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या दिव्यांग प्रमाणपत्राचा बोभाटा पेपरात गाजला, तेव्हापासून तर ओळखीचं गिऱ्हाईकसुद्धा चाक खोलताना माझ्या पायाकडे जरा जास्तच वेळ पाहतं.

पैसे सुरू झाले. दीड हजार होते, गेल्या वर्षी दिव्यांगांचे अडीच हजार केले. पण दरसाल हयात असल्याचं दाखवावं लागतं. यंदा गेलो तर मशीनच्या जागी मोबाइल. तीच पोरगी. ‘‘आता बोट नको, काकाजी. चेहरा. इकडे पाहा आणि डोळे मिटा-उघडा.’’ जिवंत माणूस पापणी हलवतो, फोटो हलवत नाही, असा त्यामागचा विचार. मी उत्साहात एकच डोळा मिटला. पोरगी लाजली, मोबाइल गोंधळला. दुसऱ्या खेपेला दोन्ही मिटले. हिरवी खूण आली. मी हयात होतो.

संध्याकाळी तीच पोरगी स्कूटी ढकलत दुकानावर आली. मागचं चाक बसलेलं. मी ट्यूब काढली, हवा भरली, घमेल्यातल्या पाण्यात धरली आणि सवयीप्रमाणे तिला बुडबुडे दाखवले. ‘‘हे पाह्य, इथून जाऊ राहिली.’’

‘‘दाखवता कशाले, काकाजी,’’ ती म्हणाली, ‘‘चाक बसलेलं दिसतेच ना!’’