मरुभूमीच्या सहकुटुंब स्वारीचा जाबता

वैशाखात लोणी देवकरच्या शिवारावर पारा चाळिशी ओलांडून स्थिरावला, उजनीचा फुगवटा ओसरून पळसदेवच्या जुन्या देवालयाचे शिखर पाण्याबाहेर दिसू लागले, आणि घरातील यच्चयावत माणसे पंख्याखाली चटया टाकून निश्चेष्ट पडली, म्हणजे ज्या कुटुंबप्रमुखाच्या चित्तात याहूनही तप्त आणि याहूनही रुक्ष अशा प्रदेशी जाऊन तंबूत राहण्याची ऊर्मी उद्भवते, त्याच्या उपयोगार्थ हा जाबता सिद्ध केला आहे. अशा गृहस्थास परावृत्त करण्याचा यत्न व्यर्थ असल्याने तो येथे केलेला नाही.

स्थळाविषयी वाद नसावा. जैसलमेर आणि बाडमेर या जिल्ह्यांत पसरलेले, 1980 साली स्थापन झालेले आणि 3162 चौरस किलोमीटरांचे राष्ट्रीय मरुउद्यान हेच या स्वारीस योग्य होय. पुणे, सुरत, अहमदाबाद, पालनपूर, सांचोर, बाडमेर असा बाराशे-तेराशे किलोमीटरांचा मार्ग आहे. वाटेत कच्छच्या छोट्या रणातील रानगाढवे पाहावीत असा आग्रह कोणी धरील. वाकडी वाट करण्याची हिंमत असेल तरच तो मान्य करावा.

तिथिनिश्चय मात्र अतिशय नाजूक प्रकरण आहे. मुलांच्या परीक्षा आटोपल्या की भावकीतील लग्ने उभी राहतात. लग्ने उरकली की जत्रा येते. जत्रा झाली की उसाच्या पाण्याची पाळी येते, आणि मोटरीस वीज नेमकी कोणत्या रात्री मिळणार याचा हुकूम सुटेपर्यंत कोणत्याही कर्त्या पुरुषास गाव सोडता येत नाही. या सर्वांतून जे चार-सहा दिवस शिल्लक राहतात ते हटकून मे महिन्याच्या मध्यास येतात. त्याच वाळवंटातील फलोदी येथे 19 मे 2016 रोजी 51 अंश तापमान नोंदले गेले, ही माहिती घरात वेळेपूर्वी फुटणार नाही असा बंदोबस्त करावा.

सामानाची यादी कुटुंबप्रमुखाने करावी व गाडी कारभारणीने भरावी. या दोन कृत्यांचा परस्परांशी संबंध येत नाही. यादीत दुर्बीण, होकायंत्र, विजेरी असते. डिकीत कडक भाकरींची दुरडी, शेंगदाण्याची चटणी, खर्डा, लोणच्याची बरणी आणि ऐनवेळी कोणी पाहुणा आला तर असावी म्हणून एक जादा सतरंजी. वाळवंटात पाहुणा कोठून येणार, हा प्रश्न विचारू नये. पाणी मात्र माणशी दिवसाला किमान चार लिटर, केवळ पिण्याचे, या हिशेबाने घ्यावे, आणि त्याचा जमाखर्च आजीकडे सोपवावा. दुष्काळ पाहिलेल्या माणसाइतका चोख कारकून या खात्यास दुसरा मिळणार नाही.

आता तंबूविषयी. अभयारण्याच्या हद्दीत आपल्या मर्जीने राहुटी ठोकता येत नाही, वनखात्याची परवानगी लागते. म्हणून आधार कार्डांच्या नकला जवळ बाळगाव्यात. मुरमात घट्ट बसणारी मेख वाळूत लोण्यात सुरी शिरावी तशी शिरते आणि तितक्याच सहजतेने बाहेर येते, हे ज्ञान बहुधा मध्यरात्री, वारा सुटल्यावर प्राप्त होते. उपाय आपल्या गोठ्यातच आहे. खताच्या रिकाम्या गोण्या न्याव्यात, त्या वाळूने भराव्यात, तोंड सुतळीने आवळून तिलाच तंबूची दोरी बांधावी, आणि गोणी हातभर खोल खड्ड्यात आडवी निजवून वर वाळू लोटून पायाने दाबावी. मग तंबू हलत नाही; फाटल्यास फाटतो.

दिनचर्या सोपी आहे. सूर्योदयापूर्वी उठून हिंडावे, दहाच्या सुमारास सावली गाठावी व पाच वाजेपर्यंत तेथेच निजून राहावे. हेच आपण घरी करीत होतो, असे एखादे चिरंजीव म्हणतील. त्यांना आकल येथील दगड झालेली झाडे दाखवावीत. ती सुमारे 18 कोटी वर्षांपूर्वीची असल्याने थोडा वेळ शांतता लाभते.

मुख्य दर्शन माळढोकाचे. देशात हा पक्षी जेमतेम दीडशेच्या आसपास उरला असून, उन्हाळ्याच्या आणि पावसाळ्याच्या दिवसांत त्याची मादी उघड्या जमिनीवर एकच अंडे घालते, आणि जड अंगाच्या या पक्ष्यास समोरची वीजतार वेळेवर दिसत नाही, हे सर्व मुलांस हलक्या आवाजात सांगावे. तो बहुधा दिसत नाही. चिंकारा दिसतो. तो दिसताच गाडीच्या मागच्या आसनावरून पुढील अभिप्राय येण्याची दाट शक्यता आहे : “आरं, ही तर आपल्या कडबनवाडीच्या माळावरची हरणं! आन् वाळू बघाया एवढ्या लांब आलास व्हय? भीमेतली उपसून नेली, ती हितंच आणून टाकली म्हणायची.”

या अभिप्रायास उत्तर नाही, कारण तो खरा आहे. माळढोकासाठी सोलापुराजवळ नान्नज येथे 1979 पासून अभयारण्य आहे, जरी तेथेही आता त्याचे दर्शन दुर्मीळ झाले आहे. सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य अवघ्या 5.14 चौरस किलोमीटरांचे असूनही चिंकारा बाळगून आहे. आणि इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीस तर वनखात्याने गवताळ माळाची सफारीच सुरू केली आहे. ज्यांना तेराशे किलोमीटर मानवणार नाहीत, त्यांनी भल्या पहाटे तेथे जावे, भाकरी-चटणी सोबत न्यावी, कचरा परत आणावा, आणि गाडी गवतात घालू नये. या दिवसांत टिटवीची अंडी जमिनीवरच असतात.