खडेवाले नाना

प्रत्येक सोसायटीत एक नाना असतातच. ते डॉक्टर नसतात, पण कधीकाळी त्यांना मुतखडा झालेला असतो आणि तेवढ्या भांडवलावर त्यांची प्रॅक्टिस जोरात चालते. आमच्या नानांचा खडा चार मिलिमीटरचा. होमिओपॅथीच्या गोळ्यांची रिकामी बाटली, तिच्यात कापूस आणि कापसावर खडा, असा तो शोकेसमध्ये नातवाच्या बुद्धिबळाच्या ढालीशेजारी विराजमान आहे. पाहुण्याला आधी खडा, मग चहा. पाच मिलिमीटरच्या आतले बरेचसे खडे काहीही न करता आपले आपण पडून जातात, हे सांगायची कुणाची छाती होत नाही. नानांच्या मते तो कुळथाच्या कढणाला घाबरून पळाला.

त्यांच्या गॅलरीत पानफुटीच्या कुंड्या आहेत. या झाडाचं पान नुसतं मातीवर पडलं तरी त्याच्या कडेकडेने नवी रोपं फुटतात. नानांच्या सल्ल्याचंही तेच. लिफ्टमध्ये एकाला दिला की संध्याकाळपर्यंत तीन मजल्यांवर उगवलेला असतो.

नानांच्या लेखी किडनीला रोग एकच, चोंदणे. आणि इलाजही एकच, धुणे. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळतात आणि त्यातलं दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळं परत रक्तात घेतात. एवढी धुलाई आत चालू असताना नानांच्या दोन तांब्यांची ती काय मातब्बरी! पण ते पहाटे उठून गटागटा पितात आणि जॉगिंग ट्रॅकवर भेटेल त्याला विचारतात, "धुतली का?" नवख्या माणसाला वाटतं, गाडीबद्दल विचारतायत.

हे सगळं धडधाकट माणसापुरतं गमतीचं. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंची साखर जुनी, पायांवर सूज, किडनी थकलेली. डॉक्टरांनी त्यांना पाणी मोजून दिलेलं. नाना शहाळी घेऊन हजर. "अहो, नैसर्गिक आहे! नारळ काय कारखान्यात बनतो?" शहाळ्यात पोटॅशियम भरपूर. थकलेल्या किडनीला ते बाहेर टाकता येत नाही आणि रक्तात साचलं की हृदयाचे ठोके बिघडतात. काकूंच्या मुलाने शहाळी वॉचमनला दिली. पुढच्या आठवड्यात नानांनी कोकणातून करमळं आणली, कापली की चांदणी दिसते ती. किडनीच्या रुग्णाला हे फळ सरळ विषारी ठरू शकतं. न थांबणाऱ्या उचक्यांपासून झटके येण्यापर्यंत मजल जाते. तीही वॉचमनकडे गेली. मग "बीपीवाल्यांचं खास मीठ" आलं. त्यात सोडियम कमी करून पोटॅशियमच घातलेलं असतं. वॉचमनची किडनी दणकट आहे म्हणून बरं.

स्वतः नानांचं वरचं बीपी १६०. गोळी घेत नाहीत. "बीपीची गोळी सुरू झाली की किडनी गेलीच म्हणून समजा." उलट वाढलेलं बीपी आणि वाढलेली साखर याच दोघी किडनीच्या मुख्य वैरिणी, हे नानींनी सांगून पाहिलं. मात्र गुडघ्यांसाठी नाना सकाळ-संध्याकाळ वेदनाशामक गोळी घेतात, मेडिकलवाल्याकडून, चिठ्ठीशिवाय. ती औषधात धरायची नाही, ती अंगदुखीची! किडनीचा रक्तपुरवठा कमी करते ती नेमकी हीच गोळी. शिवाय जत्रेतल्या वैदूने दिलेलं, कागदाच्या पुडीतलं एक भस्म. त्यात काय आहे विचारलं की नाना डोळे मिटून म्हणतात, "गुप्त."

मार्चच्या दुसऱ्या गुरुवारी, जागतिक किडनी दिनाला, सोसायटीच्या हॉलमध्ये तपासणी शिबिर झालं. नाना सल्ले द्यायला टेबलामागे बसले होते. शिबिरातल्या मुलीने त्यांच्याही हातात नमुन्याची बाटली दिली. "माझी धुतलेली आहे," नाना म्हणाले. "मग द्या की, स्वच्छच निघेल," नानी म्हणाल्या. त्यांनी आवाज मुळीच खाली ठेवला नव्हता.

लघवीत अल्ब्युमिन निघालं. म्हणजे किडनीला इजा होऊ लागली होती, आणि नानांना त्याचा पत्ता नव्हता. एवढ्यात तो कुणालाच लागत नाही. डॉक्टरांनी बीपीची गोळी सुरू केली, गुडघ्याची आणि गुप्ताची बंद केली. काही महिन्यांनी अल्ब्युमिन खाली आलं. नानांनी श्रेय कुळथाला दिलं.

तेव्हा तुमच्याही नानांशी वाद घालू नका. किडनी धड असेल तर कढण खुशाल प्या, वरून लसणाची फोडणी द्या, चव झकास लागते. मीठ मात्र बेताचं घाला. बीपी आणि साखर ताब्यात ठेवा, वर्षातून एकदा लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन तपासा. आणि कंबरेत कळ येऊन थंडीताप भरला किंवा लघवीच थांबली, तर गॅस बंद करा, कढण तिथेच राहू द्या आणि तडक दवाखाना गाठा. नानांना नंतर कळवलं तरी चालेल.