तबकडीचे रायर

तंजावरच्या मेल वीदीवर किंवा तिच्या आसपास वडिलोपार्जित घर, चेन्नईत नोकरीला मुलगा, पदरी बेताचे निवृत्तिवेतन आणि माळ्यावर आजोबांच्या तबकड्यांची पेटी, इतकी सामग्री ज्या मराठी गृहस्थापाशी एकत्र जमते, तो साठी उलटताच बहुधा ध्वनिशास्त्रज्ञ होतो. तमिळ शेजारी समस्त राव मंडळींना ज्या नावाने संबोधतात त्याच ‘रायर’ या नावाने आपणही त्याला ओळखू. कारण हा कोणी एक इसम नव्हे, वर्ग आहे.

रायरांचे निवेदन वंशावळीवाचून सुरू होत नाही. ज्या गावी १८०३ साली सरफोजी राजांनी भोसल्यांची समग्र हकीकत मराठीत बृहदीश्वराच्या भिंतीवर कोरवून घेतली, त्या गावी दीर्घ प्रस्तावनेला राजाश्रयच आहे म्हणायचा. ‘टर्नटेबल लागलं का?’ एवढीच पृच्छा आपण केलेली असते. पण रायर सरफोजींच्या पदरच्या विलायती बँडपासून प्रारंभ करून, १९३९ साली तिरुचिरापल्लीस निघालेल्या आकाशवाणीवर काही काळ मुक्काम करून, मुलाने दिवाळीस आणलेल्या होम थिएटरपर्यंत येऊन पोहोचतात, तोवर डवऱ्यातल्या कॉफीवर साय धरलेली असते.

वस्तुतः कज्जा साधा आहे. तबकडीवरच्या सुईतून निघणारा विद्युतदाब काही मिलिव्होल्टांचा, आणि होम थिएटरला सवय व्होल्टाच्या हिशेबाची. शिवाय तबकडी कोरतानाच खर्जाचे स्वर दाबून आणि तारस्वर उचलून कोरलेले असतात. ते पूर्ववत कसे करावयाचे याचा दंडक अमेरिकेतील तबकडी-उत्पादकांच्या संघटनेने १९५४ साली घालून दिला. हे उचलण्या-दाबण्याचे काम करणारी ‘फोनो प्रीअँप’ नावाची डबी मध्ये बसवली की प्रकरण निकालात निघते. परंतु रायरांचा मध्यस्थ या संस्थेवरच विश्वास नाही. १७९९ च्या तहाने मुलूख कंपनी सरकारच्या ताब्यात गेला तो मध्यस्थांमुळेच, असे त्यांचे ठाम मत असल्याने ते तार थेट ‘ऑक्स’च्या भोकात खुपसतात. त्यासरशी एम. एस. सुब्बुलक्ष्मी कावेरीच्या पैलतीरावरून, आणि तीही पडसे झालेल्या अवस्थेत, गाऊ लागतात. मृदंगाची तोप्पी तर जागेवरून बेपत्ताच होते. ‘जुन्या लोकांचं गाणं असं नाजूकच असे,’ असा शेरा मारून रायर प्रकरण दप्तरी दाखल करतात.

पुढे मुलगा ती डबी परस्पर धाडून देतो. मात्र टर्नटेबलच्या पोटातही तसलीच एक डबी आधीपासून आहे आणि पाठीमागच्या इवल्याशा खटक्याने ती बंद करता येते, हे माहितीपत्रकात असल्यामुळे रायरांना ठाऊक नसते. छापील सूचना वाचणे हा ते अननुभवाचा कबुलीजबाब समजतात. दोन्ही डब्या एकदम कामाला लागताच तीच गायिका अशी गर्जते की समोरच्या छपरावरची कबुतरे उडून जातात.

ते शमल्यावर घुमघुम सुरू होते. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची, आणि पाश्चात्यांच्या ‘जी’ या खर्जस्वराची कंपने एकोणपन्नास. त्यामुळे ती घुमघुम जवळजवळ पाच कट्टैच्या, म्हणजे त्याच ‘जी’च्या, श्रुतीला लागते. रायर आधी तिला तंबोरा समजून मान डोलावतात आणि गायिका किंचित उतरली असल्याचा निर्वाळा देतात. दोष विजेचा, असे कोणी विनयपूर्वक निदर्शनास आणून दिलेच, तर ते परसातल्या अर्थिंगच्या खड्ड्याकडे मोर्चा वळवून त्यात बादलीभर पाणी आणि स्वयंपाकघरातले मीठ ओततात. त्या दिवशीचे रसम अळणी होते. टर्नटेबलच्या मागून निघालेली, दोन दातांच्या टोकाची बारीक तार प्रीअँपच्या स्क्रूखाली अडकवावयाची असते आणि ती कपाटामागे नुसती लोंबत आहे, हे नातीच्या ध्यानात येते. ती तार अडकवते. घुमघुम थांबते. श्रेय मिठाला जाते.

मग झोपाळ्याचा मामला. दिवाणखान्यातला तो सागवानी झोपाळा जोवर हलतो तोवर तुळया आणि जमीन हलतात, आणि सुई चरणावरून एकदम अनुपल्लवीवर उडी घेते. म्हणून रायर वादनकाळी झोपाळाबंदी पुकारतात. घरातील स्त्रिया हा हुकूम मानीत नाहीत, आणि माझ्या मते त्यांचेच बरोबर आहे. झोपाळ्यावरची वहिवाट तबकडीहून जुनी आहे.

खरी शोकांतिका आजोबांच्या पेटीची. त्या लाखेच्या तबकड्या मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या आणि रुंद खोबणीच्या; त्यांना सुईही जाड लागते. नव्या यंत्राला मात्र तेहतीस आणि पंचेचाळीस एवढ्याच गती ठाऊक. रायर पंचेचाळीसवरच बालगंधर्व लावतात. गाणे जवळजवळ सप्तकभर खाली घसरते, आणि ज्या नायिकेच्या पदन्यासावर एके काळी महाराष्ट्र लुब्ध होता, तिला भरदार मिशा फुटतात. ‘विलंबित आहे,’ रायर सांगतात.

एवढ्या सायासांनंतर एका संध्याकाळी सारे यथास्थित जुळते, पाहुणे मांडी घालून बसतात, आणि आलापाला दहा क्षण होतात न होतात तोच रायर सुई उचलतात. ‘ऐकलंत? डावा-उजवा बरोबर आहे. आता तारा अदलाबदल करून ऐकवतो.’ त्यांच्यापाशी अख्खे गाणे ऐकलेला मनुष्य निदान मला भेटलेला नाही. निरोप घेताना ते आस्थेने विचारतात, ‘तुमच्या घरी अर्थिंगचा खड्डा कुठल्या बाजूला?’ आमच्याकडे साधा रेडिओसुद्धा नाही, असे आपण कितीही शपथेवर सांगितले तरी रविवारी सकाळी सातला ते दारात उभे असतात. एका हातात पेचकस, दुसऱ्यात मिठाची पिशवी.