गीझरचा विसर्ग

मराठी मध्यमवर्गीय घरात पुष्कळ गोष्टी चालवून घेतल्या जातात. भिंतीचे पोपडे चालतात, सोफ्याची टोचणारी स्प्रिंग चालते, शेजारच्या मुलाचं पहाटेचं तबलावादनही चालतं. ठिबकणारं पाणी मात्र चालत नाही. रात्री दोन वाजता नळ टपकायला लागला, तर कोणीतरी उठून त्याची मुंडी पिरगाळून येतं, तेव्हा कुठे घराला झोप लागते. अशा घरात एके दिवशी गीझर ठिबकू लागला.

त्यातून आमच्याकडे अण्णा आहेत. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन किती तरी वर्षं झाली, तरी सकाळी पेपर उघडतात ते आधी धरणांचा पाणीसाठा बघायला. आपल्याच बाथरूममध्ये पाणी वाया जातंय, हे त्यांच्या जिव्हारी लागलं.

प्लंबर आला. वर बघून त्याने निदान केलं, "सेफ्टी व्हॉल्व्ह गळतोय, काका. डमी मारून टाकतो. एक थेंब येणार नाही." त्याच्या हातात डमी, म्हणजे व्हॉल्व्हच्या जागी ठोकायचा बूच, तयारच होता. घरातल्या सगळ्यांचे चेहरे उजळले. अण्णांनी मात्र विचारलं, "मग ते पाणी जाईल कुठे?"

प्लंबरच्या आयुष्यात हा प्रश्न बहुधा पहिल्यांदाच आला असावा.

खरी गोष्ट अशी की गीझर बिचारा तोच होता, बदलला होता सोसायटीचा कारभार. आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर. टाकी डोक्यावरच, त्यामुळे नळाला पाणी सुतासारखं यायचं. आमच्याच तक्रारींना कंटाळून सोसायटीने गच्चीवर प्रेशर पंप बसवला आणि त्याच्यासोबत एनआरव्ही आला. म्हणजे पाणी खाली येईल, पण परत वर जाणार नाही. पूर्वी गीझरमधलं पाणी तापून फुगलं की जास्तीचं पाणी गुपचूप आल्या वाटेने टाकीकडे सरकायचं. कोणाला पत्ताही लागायचा नाही. आता ती वाट बंद झाली. हवा दाबली तर दबते. पाणी जवळपास दबतच नाही. बंद टाकीत पाणी तापत राहिलं आणि एकही नळ उघडा नसला की दाब झपाट्याने चढतो. ठरावीक दाबाला सेफ्टी व्हॉल्व्ह किलकिला होतो, चार थेंब सोडतो आणि पुन्हा मिटतो.

आजीच्या बंबाला ही भानगड नव्हती. त्याचं तोंड वरून उघडं, पाण्याने हवं तितकं फुगावं.

"म्हणजे हा सांडवा आहे!" अण्णा ओरडले. इतका आनंद त्यांना माझ्या दहावीच्या निकालानेही झाला नव्हता. "सांडव्याला डमी मारतोस? उद्या कोयनेचे सहाही वक्र दरवाजे वेल्डिंग करून टाकशील!"

प्लंबरने डमी खिशात घातला. ते बरंच झालं. गीझरचा थर्मोस्टॅट बिघडला आणि त्यामागचा कटआउटही चालला नाही, तर कॉइल तापतच राहते. दाबाखालचं पाणी शंभर अंशांच्या पुढे जातं, पण उकळत नाही. अशी टाकी फुटली की त्यातल्या काही पाण्याची एका क्षणात वाफ होते, आणि एक लिटर पाण्याच्या वाफेला सोळाशे लिटरच्या वर जागा लागते. आमच्या बाथरूममध्ये दुसरी बादली ठेवायलाही जागा नाही.

तरीही ठिबक खरी किती, हे मोजल्याशिवाय अण्णांना चैन पडेना. त्यांनी आईचं पाव लिटरचं दुधाचं माप पळवलं आणि व्हॉल्व्हखाली धरून स्टुलावर बसले. हिशेब आधीच मांडलेला: टाकी २५ लिटरची, पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर गेलं की दीड टक्का फुगतं, म्हणजे पावणेचारशे मिलिलिटर. माप एकदा भरलं आणि दुसऱ्यांदा निम्म्याच्या थोडं अलीकडेच थांबलं.

"तीसेक मिलिलिटर कमी आहे," अण्णा म्हणाले. गळती सापडण्याऐवजी तूट सापडल्याने खात्यातला माणूस जागा झाला. संशय आधी बाष्पीभवनावर गेला, मग माझ्यावर. शेवटी उलगडा झाला: टाकी लोखंडाची. तीही तापून किंचित फुगते आणि तेवढं पाणी पोटात ठेवून घेते.

न्यू जर्सीतल्या आतेभावाने फोनवर सांगितलं, की त्यांच्या तळघरात हीटरशेजारी एक छोटी टाकी लटकवलेली असते. मध्ये रबरी पडदा, एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला पाणी. पाणी फुगलं की हवा आक्रसते, थेंबही सांडत नाही. त्याचा हीटर ४० गॅलनचा, म्हणजे दीडशे लिटरचा. तिथे फुगवटाच दीड-दोन लिटरच्या घरात जातो, तेव्हा ती चैन रास्त आहे. "दीड माप पाण्यासाठी वेगळी खोली बांधायची नाही," असा निकाल अण्णांनी दिला.

मग साधा उपाय झाला. व्हॉल्व्हच्या तोंडाला नळी लावून ती खाली जाळीपर्यंत सोडली, शेवट उघडा ठेवून. थर्मोस्टॅट थोडा खाली घेतला. गीझर गार असतानाही ठिबकलं, तर मात्र पंपाचा दाब जास्त असणार किंवा व्हॉल्व्हमध्ये क्षार अडकले असणार, हे प्लंबरकडून वदवून घेतलं.

उरली सोसायटी. "गळणारे नळ तात्काळ दुरुस्त न केल्यास दंड" अशी नोटीस जिन्यात लागलीच होती, आणि खालच्या काकू आपल्या छतावरचा जुना डाग येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होत्या. अण्णांनी रीतसर अर्ज केला. विषय: गीझरमधून नियंत्रित विसर्ग सोडण्याबाबत. "रोज सकाळी ६ ते ६:३० या वेळेत कमाल पावणेचारशे मिलिलिटर विसर्ग अपेक्षित असून खालच्या भागातील रहिवाशांनी घाबरून जाऊ नये."

सेक्रेटरी महसूल खात्यातून निवृत्त झालेले. दुसऱ्याच दिवशी अर्ज शेऱ्यासह परत आला: "मंजूर. मात्र पूररेषा अर्जदाराच्या बाथरूमबाहेर जाऊ नये."