पंधरा हीटचे आबा

आबांनी गेल्या रविवारी आमच्या घरी लाडवाला तीन गुण दिले, चहाला दोन, पोह्यांना एक आणि मला शून्य. मी काहीच केलं नव्हतं. पण त्यांच्या हिशेबात एका हीटला चार स्पर्धक लागतात आणि टेबलावर पदार्थ तीनच होते.

आबा गोरे आहेत. आडनावाने नव्हे, कातडीने. मँचेस्टरच्या गॉर्टन भागात आमच्या भिंतीला भिंत लावून राहतात. उभी हयात बस चालवण्यात गेली. 'आबा' हे नाव बायकोने ठेवलं, कारण सकाळी सातला कुंपणाशी उभं राहून दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात काय चाललंय ते बघायची त्यांची तऱ्हा थेट तिच्या सांगलीच्या आबांची. तोंडावर अर्थात आम्ही त्यांना इथल्या रिवाजाप्रमाणे नावाने हाक मारतो आणि दर वेळी जीभ चावतो.

हा माणूस तुमच्याही ओळखीचा आहे. तुमच्या गल्लीतल्याला 1971 ची ओव्हल कसोटी पाठ असते. मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला गेलात तरी चंद्रशेखरने 38 धावांत 6 कसे काढले ते ऐकल्याशिवाय तो तुम्हाला उंबरा ओलांडू देत नाही. आमच्या नशिबी क्रिकेट नव्हतं, स्पीडवे होता.

स्पीडवे म्हणजे काय, हे आबांना विचारू नये, संध्याकाळ जाते. मी सांगतो. लंबगोल धावपट्टी, तिच्यावर लाल मातीसारखा शेलचा चुरा, चार मोटरसायकली, डावीकडे वळत चार फेऱ्या, मिनिटाभरात खेळ खलास. 500 सीसीचं इंजिन, पेट्रोलऐवजी मेथनॉल, गिअर एकच आणि ब्रेक नाही. नादुरुस्त नाही, मुळात नाहीच. वळणावर मागचं चाक मुद्दाम घसरू द्यायचं, हँडल उलट्या बाजूला आणि पोलादी तळ बांधलेला डावा बूट जमिनीला घासत न्यायचा. पहिल्याला तीन गुण, मग दोन, मग एक, चौथ्याला भोपळा. अशा पंधरा हीट. म्हणजे दोन तासांच्या कार्यक्रमात खरी शर्यत पंधरा मिनिटं. बाकी वेळ ट्रॅक्टर माती सारखी करत फिरतो आणि सगळं स्टेडियम माना खाली घालून लिहितं.

हे लिहिणं म्हणजेच आबा. तिकिटाबरोबर कार्यक्रमपत्रिका घ्यायची. तीत पंधराही हीटची नावं आणि पुढे रिकामे चौकोन छापलेले असतात. कोणाला किती गुण, वेळ किती, दोन्ही संघांची बेरीज किती, हे ज्याने त्याने आपल्या हाताने भरायचं. पडला तर एफ. इंजिन बंद पडलं तर आर. पंचांनी बाद केलं तर एक्स. घंटा झाल्यापासून दोन मिनिटांत फितीपाशी येऊन उभा राहिला नाही तर एम. आणि आपल्याच संघातल्या जोडीदाराच्या लगेच मागे, पण समोरच्या संघातल्या एकाच्या तरी पुढे राहिलात, तर तुमच्या आकड्याच्या डोक्यावर चांदणी. तिचा एक बोनस गुण. जोडीदाराला मागे टाकायची धडपड केली नाहीत म्हणून मिळालेलं बक्षीस! आपल्याकडे ही चांदणी असती तर निम्म्या भाऊबंदकीचे दावे कोर्टात गेलेच नसते.

मला ते पहिल्यांदा घेऊन गेले तेव्हा मी हौसेने पहिल्या वळणाशी उभा राहिलो. चारही गाड्या एकदम तिथे घुसल्या आणि माझ्या तोंडात, कानात, नव्या जाकिटाच्या खिशात लाल माती. मी कोल्हापूरचा, मला लाल मातीचं वावडं नाही. पण आखाड्यात ती अंगाला कधी लावायची ते निदान आपल्या हातात असतं. मागे बघतो तर आबांनी पाठ फिरवली होती. पत्रिका छातीशी कवटाळलेली, जशी पावसात बाई तान्हं घेते. धुरळा बसल्यावर त्यांनी टोपण काढलं, चार आकडे लिहिले आणि मला विचारलं, "दुसऱ्याचा वेळ घेतलास?" दुसऱ्याचा वेळ कोणी घेत नसतं, फक्त पहिल्याचा घेतात. ही परीक्षा होती. मी नापास झालो.

तेव्हापासून मी त्यांच्या पत्रिकेत आहे. बेल वाजल्यावर दार उघडायला उशीर झाला की बाहेरून आवाज येतो, "एम!" बर्फात घसरून मी फाटकाशी आपटलो तेव्हा हात द्यायच्या आधी त्यांनी "एफ" म्हणून घेतलं. माझी जुनी गाडी थंडीत सुरू होईना तेव्हा खिडकीतून "आर". बायकोला मात्र कायम तीन. याचं कारण विचारलं तर म्हणाले, "सुरुवात चांगली करते." त्यांचं लग्न किती वर्षांचं होतं, असं तिने एकदा विचारलं. आबा म्हणाले, "बेचाळीस. ती तीन, मी दोन आणि चांदणी." आणि लाडू उचलला.

जावाचा किस्सा सांगितलाच पाहिजे. चेकोस्लोव्हाकियाच्या जावा इंजिनांनी हा खेळ एक काळ व्यापला होता. हे कळल्यावर मला अवसान चढलं. म्हटलं, आमच्या मामांकडे जावा होती, मैसूरला बनायची, पुढे तीच येझदी झाली. आबांनी पहिल्यांदाच माझ्याकडे माणूस म्हणून पाहिलं. पेन खाली ठेवलं.

"ब्रेक होते?"

"होते की."

"मग ती जावा नव्हे." पेन पुन्हा हातात.

इतिहासातही त्यांचं असंच. इंग्लंडभर समजूत अशी की इथला स्पीडवे सुरू झाला 19 फेब्रुवारी 1928 ला, लंडनजवळच्या हाय बीचला, एका पबच्या मागच्या मैदानात. लोक लोटले म्हणे हजारोंनी. आबांना हे मान्य नाही. त्याआधी, 1927 च्या जूनमध्ये, मँचेस्टरच्या कुशीतल्या ड्रॉयल्सडेनला शर्यत झाली होती. त्याचं श्रेय लंडनने पळवलं, हे दुःख ते असं सांगतात की ड्रॉयल्सडेन बेळगावजवळ आहे असं वाटावं.

पण खरा संताप नियमांवर. संघातल्या खेळाडूंच्या सरासऱ्या दोन दशांश स्थळांपर्यंत काढतात, आणि त्यांच्या बेरजेला वरची मर्यादा असते. संघ जिंकला की सरासऱ्या वाढतात, बेरीज मर्यादेबाहेर जाते आणि पुढच्या हंगामात जिंकलेला संघच मोडावा लागतो. चार मुलं हुशार निघाली म्हणून दोन शेजाऱ्यांना देऊन टाकायची, असा न्याय. त्यावर कळस पाहुण्याचा. आपला रायडर जखमी झाला तर दुसऱ्या क्लबचा रायडर त्या रात्रीपुरता उसना आणता येतो. तो गेल्या आठवड्यात आपल्याविरुद्ध जीव खाऊन पळालेला असतो, पुढच्या आठवड्यात पुन्हा पळणार असतो. आज तो आपला. नवऱ्याला ताप आला म्हणून मुलीकडच्यांतलाच एक मुलगा बोहल्यावर उभा करावा तसं हे. मध्ये काही वर्षं असंही होतं की मागे पडलेल्या संघाने एखाद्याला दुप्पट गुणांसाठी उतरवावं. त्या वर्षांच्या पत्रिकांवर आबांनी समासात काय लिहिलंय ते इथे छापण्याजोगं नाही. "दरवर्षी बदलतात," हे त्यांचं पालुपद. हवामान, पंतप्रधान, बसचे मार्ग, कशावरही बोलणं निघालं तरी गाडी फिरून इथेच. "दरवर्षी बदलतात."

आणि दरवर्षी एखादं मैदान जातं. कॉव्हेंट्री गेलं, स्विंडन गेलं, वुल्व्हरहॅम्प्टन गेलं, पीटरबरो गेलं. आबा ही नावं सुतकातल्यासारखी हळू घेतात. या खेळाला घर, दुकान किंवा गोदाम बांधण्याआधी जमीन रिकामी पडू नये म्हणून ठेवतात की काय, अशी मला शंका येते. एकेकाळी वेम्बलीला जागतिक अंतिम स्पर्धा भरायच्या. 1981 ला तिथली शेवटची. आबा तिला कोचने गेले होते. अमेरिकेच्या ब्रूस पेनहॉलने ओल ओल्सेनला अंतिम रेषेवर कसं गाठलं ते दाखवायला त्यांना आमची मिठाची बरणी आणि लोणच्याची बरणी लागते. लोणच्याची हरते.

त्यांचं स्वतःचं देऊळ म्हणजे हाइड रोड. बेल व्ह्यू या मँचेस्टरच्या संघाचं जुनं मैदान, शेजारी प्राणिसंग्रहालय. न्यूझीलंडचा आयव्हन मॉगर इथे 1969 पासून होता आणि 1970, 71, 72 अशी सलग तीन वर्षं लीग इथे आली. पीटर कॉलिन्स इथलाच, 1976 चा जगज्जेता. पाच भाऊ, पाचही रायडर. मैदान विकलं गेलं, 1987 च्या नोव्हेंबरात शेवटची शर्यत झाली आणि त्या जागेवर जुन्या मोटारींचे लिलाव होऊ लागले.

आबा एकदा त्या लिलावाला गेले. गाडी घ्यायची नव्हती. फक्त पहिलं वळण कुठे होतं ते बघायचं होतं. पावलांनी अंतर मोजत मोजत पोचले तर नेमकी त्या जागी एक करडी मोटार उभी. विकणाऱ्याने विचारलं, बघताय काय? आबांना खरं सांगवेना. ते गाडीभोवती फिरले, खाली वाकले, टायरखालच्या डांबराला हात लावला. असं गिऱ्हाईक कोण सोडेल? घरी येताना कळलं, ब्रेक लागत नाहीत. "तिने मला पंधरा वर्षं साथ दिली," असं ते त्या गाडीबद्दल सांगतात. त्या पंधरा वर्षांत आम्ही त्यांचे शेजारी नव्हतो, ही देवाची कृपा.

पीटर क्रेवनबद्दल मात्र ते बोलत नाहीत. मला ते जुन्या खोक्यांतून कळलं. पोटमाळ्याचा नळ फुटला तेव्हा पत्रिकांची खोकी खाली उतरवायला मी गेलो होतो. वर्षावार दोऱ्याने बांधलेले गठ्ठे, स्टेपलच्या पिना गंजून कागदावर तपकिरी डाग. मी सहज चाळत होतो. सगळ्या भरलेल्या, पोरवयातल्या गोल गोल आकड्यांनी. 1963 च्या गठ्ठ्यातल्या तळाच्या दोन-तीन कोऱ्या होत्या. एकही आकडा नाही. मी म्हटलं, या भरायच्या राहिल्या वाटतं. आबा म्हणाले, "राहिल्या नाहीत."

मग घरी येऊन वाचलं. क्रेवन बेल व्ह्यूचा, अंगाने किरकोळ, 1955 चा आणि 1962 चा जगज्जेता. सप्टेंबर 1963 मध्ये एडिनबरात समोर पडलेल्या रायडरला वाचवायला गाडी वळवली आणि तो कुंपणावर आदळला. चार दिवसांनी गेला. 29 वर्षांचा. आबा तेव्हा चौदाचे. 2016 साली बेल व्ह्यूचं नवं स्टेडियम उभं राहिलं तेव्हा पहिला कार्यक्रम क्रेवनच्याच नावाचा ठेवला होता. लोक येऊन बसले आणि धावपट्टी ठीक नाही म्हणून तो रद्द झाला. त्या दिवसाची पत्रिका आबांकडे आहे. तीही कोरी.

गेल्या सप्टेंबरात आबांना दवाखान्यात ठेवलं. छातीचं काहीतरी. सोमवारी बेल व्ह्यूचा सामना होता. मी गेलो ते त्यांच्या सांगण्यावरून नव्हे, हे लिहून ठेवतो. ऑफिसातून लवकर सुटलो होतो, पाऊस नव्हता, एवढंच. पत्रिका घेतली. पहिल्या वळणाशी पाठ फिरवून उभा राहिलो. पंधरा हीट, चौकोनन् चौकोन भरला. चांदण्या जिथे तिथे. बाराव्या हीटला बाजूच्या म्हाताऱ्याने माझ्याकडे वेळ विचारला तेव्हा मी पहिल्याचा सांगितला आणि थोडा ताठ झालो.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेऊन दिली. आबांनी चष्मा मागितला. एकेक हीट बोटाने. नर्स येऊन रक्तदाब घेऊन गेली तरी मान वर नाही. अकराव्या हीटवर बोट थांबलं. दुसरा आणि तिसरा मी उलटे लिहिले होते, बेरीज अर्थात तिथून खालपर्यंत चुकलेली. त्यांनी उशाखालून पेन काढलं, पाचही बेरजा दुरुस्त केल्या. मग कोपऱ्यात माझं नाव लिहिलं, चुकीच्या स्पेलिंगने, आणि पुढे शून्य. थोडा वेळ पेन तसंच धरलं. मग शून्याच्या डोक्यावर चांदणी काढली.

"शून्याला चांदणी मिळत नाही," मी म्हटलं. मला आता नियम पाठ आहेत. "कोणाच्या तरी पुढे असावं लागतं."

"दरवर्षी बदलतात," आबा म्हणाले, आणि पोहे आणलेत का ते विचारलं.